गॅस भरायच्या आधी दोन बाऊलमधलं मिश्रण बदलून बघा

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते कळेल. दोन बाऊलचं वापरलेलं स्लश मशीन, म्हणजे सरबताचा दाणेदार मऊ बर्फ करणारं, घेतलंत. पहिले पंधरा दिवस झकास चाललं. मग गिऱ्हाइकं "फार गोड लागतं" म्हणायला लागली, म्हणून उजव्या बाऊलमधलं सिरप कमी केलंत. डाव्यात ज्यूसचं तयार कॉन्सन्ट्रेट, ते अंदाजाने, आणि संपत आलं की वरून भर. आता उजवीकडे सकाळी अकरालाच दगड होतो आणि ऑगर, म्हणजे माल ढवळून पुढे ढकलणारा मळसूत्री भाग, फिरताना टक-टक वाजतो. डावीकडे दुपारनंतर नुसतं गार पाणी. मागून चिकट काहीतरी टपकतं. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटं बघून निकाल दिला, गॅस कमी झालाय. आणि तुम्ही विचारताय, गॅस भरू की मशीनच बदलू?

आत्ता तरी दोन्ही नको.

मी गेली वीस-बावीस वर्षं ही मशीनं दुरुस्त करतोय आणि मधली काही वर्षं स्वतः चालवलीही आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंची बोंब मला माहीत आहे. तुमच्या वर्णनात गॅसकडे बोट दाखवणारी एकही खूण मला दिसत नाही. मिश्रणाकडे बोट दाखवणाऱ्या मात्र तीन आहेत.

बहुतेक दोन बाऊलच्या मशीनमध्ये कॉम्प्रेसर एकच असतो. त्यातून निघालेला गॅस दोन फांद्यांनी दोन ड्रमकडे, म्हणजे बाऊलच्या आतल्या गार होणाऱ्या नळकांड्यांकडे जातो आणि प्रत्येक फांदीवर एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी-मिटणारी झडप असते. एका बाऊलमधला माल पुरेसा घट्ट झाला की त्याचा व्हॉल्व्ह बंद, दुसऱ्याचा चालू. आता सांगा, ज्या गॅसने उजवीकडे दगड करून दाखवला तोच गॅस डावीकडे कमी कसा पडेल? गॅस खरंच कमी असता तर दोन्हीकडे रडगाणं असतं, आणि दगड तर झालाच नसता.

एक अपवाद मान्य करतो. डाव्या फांदीचा व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा तिकडची बारीक नळी तुंबली असेल, तर एकच बाऊल गरम राहू शकतो. हे इथे बसून मला ठरवता येणार नाही, पण तुम्हाला येईल, तेही फुकटात. रात्री दोन्ही बाऊल रिकामे करा, धुवा आणि सकाळी मिश्रणांची अदलाबदल करा. उजवीकडचं डावीकडे, डावीकडचं उजवीकडे. दोन-अडीच तास चालू द्या. दगड मिश्रणाबरोबर डावीकडे गेला तर दोष मिश्रणात. दगड उजवीकडेच राहिला आणि डावीकडे काहीच जमलं नाही, तर दोष मशीनमध्ये. मग दुरुस्तीवाल्याला "गॅस बघा" असं सांगू नका, "डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह बघा" असं सांगा.

त्याच वेळी ड्रमवरही नजर ठेवा. बाऊल पारदर्शक असतो, त्यामुळे गोठायला सुरुवात होताना ड्रमवर पांढरा थर धरलेला दिसतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा धरत असेल तर गॅस ठीक आहे. एका टोकाला पांढरा आणि दुसरं टोक तासाभरानंतरही कोरडं, असं दिसलं तर मात्र मी गॅसचा संशय घेईन. आणि एक लक्षात ठेवा, ही बंद नळ्यांची यंत्रणा आहे. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा माणूस तुम्हाला पुन्हा दोन-तीन महिन्यांनी भेटायची सोय करून जातो. बऱ्याच नव्या मशीनमध्ये आर-290 म्हणजे प्रोपेन असतो आणि तो पेट घेतो, तेव्हा ते काम जाणकारानेच करायचं.

आता मिश्रणाकडे वळू, कारण माझ्या मते तुमचं सगळं दुखणं तिथे आहे. स्लश मशीन फक्त उष्णता काढून घेतं आणि ढवळतं. दाणेदार मऊ बर्फ होणार की दगड, हे त्या पाण्यात विरघळलेली साखर ठरवते. नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं आणि एकदा गोठायला लागलं की पूर्ण गोठूनच थांबतं. साखरेचं पाणी तसं वागत नाही. त्यातलं थोडं पाणी बर्फ झालं की उरलेल्या पाण्यात साखर दाट होते, आणि दाट झालेलं पाणी गोठायला आणखी थंडी मागतं. म्हणून बर्फाचे बारीक कण आणि त्यांच्यामधून वाहणारा पाक, अशी ती अवस्था टिकून राहते. आपण विकतो ती हीच अवस्था.

साखरेचं हे प्रमाण ब्रिक्समध्ये मोजतात. 100 ग्रॅम द्रावणात 13 ग्रॅम साखर म्हणजे 13 ब्रिक्स. बहुतेक मशीनं 12 ते 15 ब्रिक्ससाठी बनवलेली असतात. मी 13 धरतो. साध्या साखरेचा हिशेब करून दाखवतो. 13 ब्रिक्सचं मिश्रण उणे 0.8 अंशाच्या आसपास गोठायला लागतं. ते उणे पावणेदोनच्या आसपास गेलं की त्यातलं साधारण निम्मं पाणी बर्फ झालेलं असतं. छान, चमच्याने उचलता येईल असा स्लश. त्याच तापमानाला 7 ब्रिक्सच्या मिश्रणातलं पाऊण पाणी बर्फ झालेलं असतं, म्हणजे दगड. आणि 20 ब्रिक्सच्या मिश्रणातलं जेमतेम सहावा हिस्सा, म्हणजे नुसतं गार सरबत. थंडी तीच, मशीन तेच, गॅस तोच. आता तुमचे दोन बाऊल आठवा.

गोडी कमी करण्यासाठी तुम्ही सिरप कमी केलंत, म्हणजे उजवा बाऊल बहुधा 8-9 वर आलाय. डावीकडे अंदाजाने कॉन्सन्ट्रेट ओतता आणि अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो, त्यामुळे तिकडे 17-18 असलं तरी मला नवल वाटणार नाही. आकडे माझे नाहीत, तुम्ही मोजून सांगायचे आहेत.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. काचेवर दोन थेंब टाका, उजेडाकडे धरून डोळा लावा, निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथे असेल तो आकडा. आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य जुळवून घ्या. मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाकडे हा असायला हवा असं मी सांगत आलोय आणि दर दहा जणांत एखादाच ऐकतो. यात दोन फसगती आहेत. पहिली, स्लश झालेल्या बाऊलमधून नळाने घेतलेला थेंब कधीही मोजू नका. त्यातलं पाणी बर्फात अडकलेलं असतं, थेंब म्हणजे नुसता दाट पाक, आणि आकडा भलताच मोठा येतो. नमुना घ्यायचा तर पेल्यात घ्या, पूर्ण वितळू द्या, ढवळा, मग मोजा. दुसरी, सिरप ग्लुकोज-फ्रुक्टोजचं असेल तर त्याच ब्रिक्सला ते साध्या साखरेपेक्षा पातळ राहतं, कारण त्यांचे रेणू लहान आणि त्याच वजनात संख्येने जास्त असतात. म्हणून 13 हा देवाने दिलेला आकडा नाही. तिथून सुरुवात करा आणि तुमच्या सिरपला काय मानवतं ते एका ब्रिक्सच्या पावलांनी ठरवा.

ही झटापट आजची नाही. मारियानो मार्टिनेझ यांनी 1971 मध्ये डॅलसमध्ये सॉफ्ट-सर्व्ह आइस्क्रीमचं मशीन फेरफार करून मार्गारिटा गोठवायला लावलं. ते मशीन आज स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. अल्कोहोलही गोठणबिंदू खाली ओढतं, त्यामुळे त्यांनाही आधी साखर आणि पाण्याचं गणित जुळवावं लागलं. तुम्ही कधी तसलं पेय ठेवणार असाल तर रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका. अल्कोहोल मिसळलं की तो आकडा साखरेचा राहत नाही.

सिरपच्या बाटलीवर "एकास पाच" असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मापाने, वजनाने नाही. 65 ब्रिक्सचं सिरप असेल तर वजनाने एक भाग सिरपला चार भाग पाणी घातलं की 13 येतो. पण सिरप पाण्यापेक्षा जड असतं. एक लिटर भरतं साधारण 1.3 किलो. त्यामुळे मापाने तेच प्रमाण एकास सव्वापाचच्या जवळ जातं. तुम्ही बाटलीने सिरप मोजताय आणि कुणीतरी वजनाचं प्रमाण सांगितलंय, असा घोळ मी अनेक ठिकाणी पाहिलाय. एक मोठी बादली घ्या, तिच्यावर खुणा करा, मिश्रण बाहेर बादलीत बनवा, पूर्ण ढवळा, मोजा आणि मगच बाऊलमध्ये ओता. बाऊलमध्ये आधी पाणी आणि वरून सिरप असं कधीही नको. सिरप तळाशी बसतं, वर पाणी राहतं आणि ऑगरने ते एकजीव करायच्या आत ड्रमवर साध्या पाण्याचा कडक बर्फ धरतो.

"मग गोड लागतं त्याचं काय?" असं तुम्ही विचारणार. साखर कमी करू नका, आंबटपणा वाढवा. चिमूटभर सायट्रिक ॲसिडने तेच 13 ब्रिक्सचं मिश्रण जिभेला बरंच कमी गोड वाटतं. गोठलेल्या पदार्थाची गोडी तशीही कमी जाणवते, म्हणून चव कोमट मिश्रणाची न घेता स्लशची घ्या. पातळ मिश्रण चाखून "बाप रे, किती गोड" म्हणत सिरप कमी करणं ही नवख्यांची पहिली चूक. माझीही होती.

आता डावा बाऊल दुपारनंतरच का हरतो ते पाहू. ब्रिक्स जास्त असणं हे अर्धं कारण. दुसरं अर्धं तुमच्या "वरून भर"मध्ये आहे. तीस अंशांचं एक लिटर मिश्रण ओतलंत तर ते आतला साधारण 350 ग्रॅम बर्फ वितळवतं. तेच फ्रिजमधलं चार अंशांचं असेल तर 50 ग्रॅमच्या आसपासच. दुपारी गर्दीच्या वेळी तीन-चार लिटर कोमट माल एकदम ओतला की दीड तासाची कमाई पाण्यात जाते, अक्षरशः. म्हणून दुसऱ्या दिवसाचं मिश्रण रात्रीच बनवून फ्रिजमध्ये ठेवा. बाऊल निम्म्यावर आला की थोडं-थोडं भरा, तळ दिसेपर्यंत थांबू नका. माल ड्रमच्या वरच्या कडेच्या खाली गेला की उघड्या पडलेल्या भागावर कोरडा बर्फ चढतो आणि ऑगर हवा घुसळत बसतो. आणि दोन्ही बाऊल एकाच वेळी कोमट भरू नका, कॉम्प्रेसर एकच आहे. आधी एक जमू द्या, मग दुसरा.

पातळ राहिलेल्या बाऊलची आणखी एक गंमत आहे. नीट न जमलेल्या मालातून नळ उघडला की आधी पाक बाहेर येतो आणि बर्फ मागे राहतो. पहिल्या गिऱ्हाइकाला गोड पाणी, शेवटच्याला बेचव बर्फ. तक्रारी दोन वेगळ्या दिसतात, कारण एकच.

टक-टक आवाज आणि गळती मी एकत्र घेतो, कारण ती बहुतेक जुळी भावंडं आहेत. दगड झालेल्या बाऊलमध्ये ऑगर माल पुढे ढकलायला बघतो, माल हलत नाही, मग ऑगर उसळतो, बाऊल पुढे सरकतो आणि मागचं रबरी सील जागेवरून उचललं जातं. तिथून पाक मागे झिरपतो. आधी खात्री करा की तो पाकच आहे. दमट हवेत बाऊलच्या बाहेरून दव टपकतं, ते स्वच्छ पाणी असतं. बोट लावून बघा. तुम्ही चिकट म्हणालात, म्हणजे आतलाच माल. बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक ड्रमच्या मागच्या बाजूखाली एक छोटा ट्रे किंवा नळी असते, ती यासाठीच. तिथे थेंब दिसला की सील बोलतंय असं समजा. ऐकलं नाही तर तो पाक पुढे गिअर मोटरच्या शाफ्टपर्यंत जातो, आणि मग खर्चाचा आकडा बदलतो.

काम सोपं आहे. मशीन बंद, प्लग काढलेला, माल नळातून पूर्ण काढलेला. बाऊल कसा सोडवायचा ते मशीनगणिक वेगळं, पण जोराने ओढायचा नाही, पुढची कड खाचेतून सोडवून सरळ बाहेर घ्यायचा. मग ऑगर बाहेर. ड्रमच्या मुळाशी जे जाड रबर दिसतं ते सील. ते हातात घ्या आणि ओठ उलटून आतली घडी बघा. एका ठिकाणी मी ते उलटलं तेव्हा घडीत गुलाबी-काळसर बुळबुळीत थर होता, बोटाला आंबूस वास, आणि रबराला एका बाजूने केसाएवढी चीर. मालक सांगत होता, रोज धुतो. धुवत होता खरंच, पण बाऊल न काढता, नुसतं पाणी फिरवून. तुमचं सील काढल्यावर चीर, चपटलेपणा किंवा कडकपणा दिसला तर नवीन टाका. ते झिजण्यासाठीच असतं. नळाच्या पिस्टनवरच्या ओ-रिंगही, म्हणजे रबरी कडीही, त्याच वेळी बघा. बसवताना जिथे रबर फिरत्या भागाला घासतं तिथे आणि नळाच्या ओ-रिंगवर फूड-ग्रेड ग्रीस पातळ लावा. घरातलं तेल किंवा गाडीचं ग्रीस नको. ते खाण्यात जातं आणि रबर फुगवतं. चूं-चूं असा बारीक आवाज बहुधा कोरड्या सीलचा असतो. टक-टक मात्र बर्फाचा किंवा गिअरचा. मिश्रण 13 वर आणून, वितळवून, पुन्हा चालवल्यावरही टक-टक राहिली तर गिअर मोटर दाखवून घ्या. तोपर्यंत घाबरू नका.

घट्टपणाच्या स्क्रूला तुम्ही हात लावलाय का, ते लिहिलेलं नाही. लावला असेल तर मागे आणा. जुन्या मशीनमध्ये माल घट्ट झाला की ऑगरला जोर पडतो, मोटर स्प्रिंगवर जराशी झुकते, एक छोटा स्विच दाबला जातो आणि त्या बाऊलचं थंड करणं थांबतं. स्क्रू फक्त त्या स्प्रिंगचा ताण बदलतो. नव्या मशीनमध्ये हेच बोर्ड करतं. ही युक्ती दाणेदार मालासाठी आहे. कमी साखरेच्या मिश्रणात ड्रमवर सरळ कडक थर धरतो आणि स्विचला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे मिश्रण चुकलेलं असताना स्क्रू पिळणं म्हणजे ताप मोजायच्या थर्मामीटरशी भांडणं. आधी ब्रिक्स, मग स्क्रू, तोही पाव-पाव फेरा आणि प्रत्येक फेऱ्यानंतर अर्धा तास थांबून.

आता त्या बाजूला या जिकडे कुणी बघत नाही, म्हणजे कंडेन्सर. बाऊलमधून काढलेली उष्णता मशीनला बाहेर फेकावी लागते, ती या जाळीतून. जाळी तुंबली की कॉम्प्रेसर तापतो, थंडी कमी होते आणि दुपारी, जेव्हा खोलीही तापलेली असते, मशीन हात टेकतं. हे लक्षण "गॅस कमी"सारखंच दिसतं. मी एकदा एका मशीनचा बाजूचा पत्रा उघडला तेव्हा जाळीवर नमद्याची सतरंजी होती. धूळ, पीठ, कपड्यांचे धागे आणि पाकाची वाफ बसून सगळं एकमेकांना चिकटलेलं. कोपरा धरून ओढला तर अख्खा तुकडा निघून आला, त्यावर जाळीच्या रेघांचे छाप उमटलेले. त्या मशीनमध्ये त्याच वर्षी दोनदा गॅस भरला होता. साफ केल्यावर तासाभरात माल जमला.

प्लग काढा, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने, आडवं नाही, झाडा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. पाती पातळ असतात, वाकली की हवा बंद. किती दिवसांनी करायचं ते जागेवर अवलंबून. तळणाच्या शेजारी असाल तर आठवड्याला, स्वच्छ खोलीत महिन्याला. मशीनच्या बाजूंना आणि मागे एक वीत मोकळी जागा हवी. दोन मशीनं शेजारी असतील तर एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जात नाही ना ते हात धरून बघा. ऊन थेट बाऊलवर पडत असेल तर माझ्याकडे उपाय एकच, जागा बदला. प्लग सरळ भिंतीत, स्वतंत्र पॉइंटवर. लांबलचक बारीक वायरीची एक्स्टेन्शन लावली की कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि तो कण्हत बसतो. वापरलेलं मशीन घेतलंत म्हणून विचारतो, ते आणताना आडवं टाकलं होतं का? आडवं ठेवलेलं मशीन उभं करून रात्रभर सोडल्याशिवाय चालू करायचं नसतं, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं.

धुण्याबद्दल थोडक्यात. मी रोज सांगतो. तुमच्या मशीनचं पुस्तक आणि तुमच्याकडचा नियम त्याहून कडक असेल तर तो पाळा. आंबट मिश्रणात घातक जंतू सहजी वाढत नाहीत हे खरं, पण यीस्ट आणि बुरशी मजेत वाढते, आणि तिला सीलची घडी आणि नळाची भोकं फार आवडतात. क्रम असा: काढा, कोमट साबणपाण्याने मऊ ब्रशने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळबळा, मग जंतुनाशक. 5 टक्क्यांचं, वास न घातलेलं ब्लीच असेल तर लिटरला 2 मिलिलिटर, म्हणजे दशलक्ष भागांत 100 भाग. किमान एक-दोन मिनिटं सगळे भाग त्यात बुडू द्या, निथळवा, हवेत वाळवा, फडक्याने पुसू नका. ब्लीचमध्ये क्षार काढायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. बाऊल पॉलिकार्बोनेटचा असतो. त्याला उकळतं पाणी, स्पिरिट आणि तारेचा घासणा हे तीनही चालत नाहीत. मी पहिल्याच वर्षी घाईत एका थंडगार बाऊलमध्ये कढत पाणी ओतलं होतं. आवाज अजून आठवतो, काडी मोडल्यासारखा, आणि तळापासून नळापर्यंत एक रेघ.

रात्री मशीन काय करायचं, हेही तुमच्या दगडाशी जोडलेलं आहे. स्लश असताना ऑगर बंद केलात तर बर्फाचे कण एकमेकांना धरून बसतात, सकाळी एकच गोळा. त्यात ऑगर चालू केला की गिअरचे दात जातात. ते पैसे मी एकदा स्वतःच्या खिशातून भरलेत. माल ठेवायचाच असेल तर रात्रीच्या मोडवर टाका. त्यात ऑगर फिरत राहतो आणि माल 2 ते 4 अंशांवर पातळ होऊन गार राहतो. सकाळी पुन्हा गोठवलं की कण नव्याने बारीक बनतात. दिवसरात्र गोठवत ठेवलेल्या मालात छोटे कण विरघळून मोठे वाढत जातात आणि खडीसाखर चावल्यासारखं लागतं. वीज गेली आणि तासाभराने आली तर आधी बाऊलमध्ये बघा. गोळा झाला असेल तर वितळू द्या, मग ऑगर. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा चालू करायच्या आधी तीन-पाच मिनिटं थांबा, म्हणजे आतला दाब सारखा होतो.

शेवटी तुम्ही जाता-जाता विचारलंत, साखरविरहित फ्लेवर ठेवू का? साधं डाएट पेय ओतलंत तर ते जवळजवळ पाणीच आहे, उजव्या बाऊलसारखाच दगड होईल. खास साखरविरहित स्लश सिरप मिळतात, त्यात बहुधा साखरेच्या जागी ग्लिसरॉल असतं, ते गोठण रोखतं. पण लहान मुलांमध्ये त्याने रक्तातली साखर खाली जाऊन त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने 2025 मध्ये सात वर्षांखालच्या मुलांना ग्लिसरॉल असलेला स्लश देऊ नये असा सल्ला दिलाय. तुमची निम्मी गिऱ्हाइकं शाळकरी आहेत असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर ठेवला नसता. ठेवलातच तर घटकांची यादी वाचा आणि बाऊलवर तसं स्पष्ट लिहा. दूध किंवा दुधाचं काहीही या मशीनमध्ये नको, त्याची मशीनं वेगळी असतात.

तर आज रात्री दोन्ही बाऊल सोडवा, सीलचे ओठ उलटून बघा, कंडेन्सर झाडा. दोन्ही मिश्रणं बादलीत मोजा पण अजून सुधारू नका, तशीच अदलाबदल करून सकाळी चालवा. उजवीकडचं दगडाचं मिश्रण जिकडे घालाल तिकडे ऑगरवर लक्ष ठेवा आणि टक-टक सुरू होताच गोठवणं बंद करा. दगड कुठल्या बाजूला झाला आणि दोन्ही ब्रिक्स किती निघाले, एवढं लिहा. दगड डावीकडे गेला असेल तर त्या दुरुस्तीवाल्याला फोन करायची गरज नाही.